व्यावसायिक इमारतीतला फायर अलार्म: कोटेशन मागवण्याआधीपासून फॉर्म बीपर्यंत

वाशीच्या ऑफिस बिल्डिंगचा सेक्रेटरी असो की वागळे इस्टेटमधला गाळेमालक, फायर अलार्मचं काम निघालं की पहिला फोन व्हेंडरला जातो आणि पहिला प्रश्न असतो, "स्क्वेअर फुटामागे काय भाव?" भाव सांगणाराही कुणीतरी भेटतोच. मग छताला डिटेक्टर लागतात, जिन्याजवळ हाताने अलार्म वाजवायच्या लाल डब्या लागतात, तपासणीच्या दिवशी एकदा भोंगा वाजवून दाखवला जातो. वर्षभरात पाहावं तर पॅनेलवर बिघाडाचा पिवळा दिवा कायमचा पेटलेला आणि बझर बंद, कारण रात्रपाळीच्या वॉचमनला त्याचा त्रास होतो.

माझं म्हणणं असं की हे काम दुसऱ्या टोकाने सुरू करावं. अलार्म वाजल्यावर इमारतीत कुणी काय करायचं आणि कोणत्या यंत्राने काय करायचं, हे आधी कागदावर ठरवा. डिटेक्टर किती, पॅनेल कोणतं, वायर कसली, ही उत्तरं त्या कागदातून निघतात. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

पहिलं काम: हद्द आणि कायदा

ठाणे शहरात ठाणे महापालिकेचं अग्निशमन दल, दिघ्यापासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिकेचं. पण टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातला प्लॉट असेल, म्हणजे रबाळे, महापे, तुर्भे एमआयडीसी वगैरे, तर बांधकामाची परवानगी एमआयडीसीची असते आणि एमआयडीसीचं स्वतःचं अग्निशमन खातं आहे. खारघर-कळंबोली आज पनवेल महापालिकेत आहेत, तरी जुन्या कागदांवर सिडकोचं नाव सापडेल. तेव्हा अंदाज न बांधता मूळ परवानगीची फाइल काढा आणि त्यात फायर एनओसी कुणाच्या सहीची आहे ते बघा. त्या पत्रातल्या अटी हा तुमच्या कामाचा पाया आहे. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये काहीही लिहिलेलं असलं तरी तपासायला येणारा अधिकारी आधी त्या अटींवर बोट ठेवतो.

कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. तो ६ डिसेंबर २००८ पासून लागू आहे आणि त्याचे नियम २००९चे आहेत. त्यातल्या तीन गोष्टी मालकाला पाठ हव्यात. यंत्रणा बसवण्याची आणि ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, व्हेंडरची नाही. काम महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना असलेल्या एजन्सीकडूनच करून घ्यायचं आणि झाल्यावर तिच्याकडून फॉर्म ए घ्यायचा. त्यानंतर दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, अशाच परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी घेऊन अग्निशमन दलाकडे द्यायचा. चूक झाली तर दंडासोबत कैदेचीही तरतूद आहे.

तांत्रिक बाजूला दोन पुस्तकं लागतात: नॅशनल बिल्डिंग कोड २०१६चा भाग ४ आणि आयएस २१८९ हे भारतीय मानक. पहिलं सांगतं कोणत्या इमारतीला काय हवं, दुसरं सांगतं ते कसं बसवायचं. कोटेशनमध्ये आयएस २१८९चा उल्लेखच नसेल तर तो कागद बाजूला ठेवायला हरकत नाही.

इमारतीचा वर्ग: सगळ्यात जास्त गोंधळ इथेच

कोड इमारतींचे वापरानुसार गट पाडतो. ऑफिस गट ई, दुकानं आणि मॉल गट एफ, हॉटेल-लॉज गट ए, क्लासेस आणि शाळा गट बी, हॉस्पिटल गट सी, हॉल आणि थिएटर गट डी, कारखाने जी, गोदामं एच. गट, उंची आणि मजल्याचं क्षेत्रफळ या तिन्हींवरून आपोआप चालणारी डिटेक्शन यंत्रणा हवी की नुसत्या हाताने वाजवायच्या डब्या चालतील, ते ठरतं. १५ मीटर आणि त्याहून उंच इमारत कोडच्या लेखी उंच इमारत, आणि तिथून अटी कडक होत जातात.

कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात गोखले रोडवरच्या एखाद्या इमारतीत खाली साड्यांचं दुकान, पहिल्या मजल्यावर सीएचं ऑफिस, दुसऱ्यावर दहावीचे क्लास आणि तिसऱ्यावर आठ-दहा खाटांचं नर्सिंग होम असतं. मंजुरी 'दुकाने व कार्यालये' अशी, वापर भलताच. मार्च २०२१मध्ये भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली तेव्हा वरच्या मजल्यावर कोविड हॉस्पिटल होतं. मॉलमधला माणूस अलार्म ऐकून स्वतःच्या पायाने बाहेर पडतो, ऑक्सिजनवरचा रुग्ण पडू शकत नाही. म्हणून मिश्र वापराच्या इमारतीत सगळ्यात नाजूक वापराला लागणारी यंत्रणा धरून चाला. अशी सोय करायची तयारी नसेल तर तो भाडेकरू घेऊ नका. मला तरी तिसरा मार्ग दिसत नाही.

मुख्य कागद: काय झालं तर काय होणार

सुरुवातीला सांगितलेला कागद म्हणजे एक तक्ता. त्याला धंद्यात 'कॉज अँड इफेक्ट' म्हणतात. डावीकडे कारणं, वर परिणाम, मध्ये फुल्या. बहुतेक व्हेंडर तो कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्रणा तपासून चालू करण्याच्या, आदल्या रात्री भरतात. तो सगळ्यात आधी, मालक, लिफ्टवाला, एसीवाला आणि सिक्युरिटी सुपरवायझर यांना एका टेबलावर बसवून भरायला हवा.

समजा, घोडबंदर रोडवर तुमची इमारत आहे. एक तळघर, तळमजल्यावर दुकानं आणि एक रेस्टॉरंट, वर सहा मजले ऑफिसं. चौथ्या मजल्यावरचा एकच स्मोक डिटेक्टर लागला. लगेच अख्खी इमारत रिकामी करायची का? बहुतेक ठिकाणी उत्तर असं ठरतं: पॅनेलवर आणि चौथ्या मजल्यावर इशारा, गार्डने जिन्याने जाऊन बघायचं, त्यासाठी ठरावीक मिनिटं. तेवढ्यात कुणी 'ठीक आहे' नोंदवलं नाही, किंवा दुसरा डिटेक्टर लागला, किंवा कुणी लाल डबी दाबली, तर न थांबता सगळीकडे भोंगे. किती मिनिटं द्यायची ते गार्डला सहाव्या मजल्यापर्यंत चढवून, घड्याळ लावून ठरवा. रात्री एकच गार्ड असेल तर ही सवलत रात्रीपुरती काढूनच टाका. तो वर गेल्यावर पॅनेलजवळ उरतं कोण?

मग यंत्रांची बाजू. भोंगे वाजले की लिफ्ट तळमजल्यावर येऊन दारं उघडी ठेवून थांबतील. फायरमन लिफ्ट मात्र अग्निशमन दलाच्या हातात राहील. त्या मजल्याचा एएचयू, म्हणजे डक्टमधून एसीची हवा फिरवणारं यंत्र, बंद होईल, नाहीतर धूर डक्टमधून शेजारच्या ऑफिसात जातो. जिन्यात दाब ठेवणारा पंखा असेल तर तो सुरू होईल. तळघरातला धूर ओढणारा पंखा सुरू होईल. रेस्टॉरंटचा गॅस व्हॉल्व्ह बंद होईल. आणि कार्ड दाखवून उघडणारी काचेची दारं मोकळी होतील.

या शेवटच्या ओळीवर अडून बसा. चुंबकीय कुलपाचा वीजपुरवठा अलार्म पॅनेलच्या रिलेने थेट तोडला पाहिजे. "आमचं सॉफ्टवेअर सिग्नल घेऊन दार उघडतं," असं अ‍ॅक्सेस कंट्रोलवाला सांगेल. ते सॉफ्टवेअर ज्या संगणकावर चालतं तो आगीत चालू राहील याची हमी कोण देणार? तार तुटली, वीज गेली, काहीही झालं तरी दार उघडंच पडेल, अशी जोडणी मागा. शिवाय दाराच्या आतल्या बाजूला हिरवी 'दार उघडा' डबी हवीच.

तक्त्याच्या तळाशी माणसं लिहा, पदाच्या नावाने. १०१ला फोन कोण करणार, मुख्य वीज कोण तोडणार, रस्त्यावर उभं राहून बंब आत कोण घेणार. फोन करण्यासाठी आधी सेक्रेटरीची परवानगी घ्यायची, अशी अलिखित पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. ती लेखी मोडून काढा.

कन्व्हेन्शनल की अ‍ॅड्रेसेबल

यावर फार वेळ घालवायची गरज नाही. कन्व्हेन्शनल पॅनेल सांगतं 'झोन ३', म्हणजे त्या ओळीवरच्या पंधरा-वीस डिटेक्टरपैकी कुठला तरी. अ‍ॅड्रेसेबल सांगतं 'चौथा मजला, पॅन्ट्री'. दोन-तीन दुकानं किंवा एखादा गाळा असेल तर कन्व्हेन्शनल पुरतं आणि दुरुस्तीही सोपी. चार मजल्यांच्या वर किंवा अनेक भाडेकरू असतील तर अ‍ॅड्रेसेबल घ्या. वरचा तक्ता राबवायलाही तेच सोयीचं.

अ‍ॅड्रेसेबल घेताना दोन गोष्टी लिहून घ्या. लूप, म्हणजे सगळी उपकरणं जोडणारी तार, पॅनेलमधून निघून परत पॅनेलमध्ये आला पाहिजे, म्हणजे एका जागी तार तुटली तरी दोन्ही बाजूंनी उपकरणं जिवंत राहतात. आणि साधारण दर पंधरा-वीस उपकरणांमागे आयसोलेटर हवा, म्हणजे एका जागचा शॉर्ट सर्किट अख्खा लूप झोपवत नाही. पैसे वाचवायला व्हेंडर आधी आयसोलेटरच कमी करतो, कारण ते बाहेरून दिसत नाहीत.

पॅनेल कंपनीच्या पासवर्डने बंद असलं तर उद्या तुम्ही एजन्सी बदलू शकत नाही. प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड आणि साइटची कॉन्फिगरेशन फाइल मालकाच्या ताब्यात, ही अट पहिल्या पत्रातच घाला.

कुठे कोणता डिटेक्टर

सपाट छताखाली, खोलीतल्या कुठल्याही बिंदूपासून स्मोक डिटेक्टर ७.५ मीटरच्या आत हवा आणि हीट डिटेक्टर ५.३ मीटरच्या आत. चौकोनी जाळी धरली तर एक स्मोक डिटेक्टर साधारण १०० चौरस मीटर सांभाळतो, हीट त्याच्या निम्मं. कोटेशनमधला आकडा याच हिशेबाने तपासा, पण मोकळ्या नकाशावर तपासू नका. छतापर्यंत गेलेलं प्रत्येक पार्टिशन ही नवी भिंत. छतापासून ३०० मिलिमीटरच्या आत पोहोचणारं पार्टिशन किंवा कपाटही भिंतच धरायचं. १०० चौरस मीटरच्या ऑफिसात इंटिरियरवाल्याने पाच केबिन पाडल्या की एकाचे सहा डिटेक्टर होतात, आणि ते सहा कुणी बसवलेलेच नसतात.

भिंतीपासून अर्धा मीटर सोडा. एसीच्या ग्रिलपासून किमान एक मीटर, जमल्यास दीड. थंड हवेचा झोत धूर डिटेक्टरपर्यंत येऊच देत नाही आणि वर धूळ आणून टाकतो. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी ८०० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तिथेही डिटेक्टर लागतो आणि त्याचा दिवा खाली, दिसेल असा आणावा लागतो. पोकळी कमी असली तरी तिथून केबलचे जुडगे गेलेले असतील तर मी डिटेक्टर बसवायलाच सांगेन. ऑफिसातल्या आगी बऱ्याचदा वायरिंगच्या असतात आणि वायरिंग वरच असतं.

पॅन्ट्रीत आणि स्वयंपाकघरात स्मोक डिटेक्टर लावला की फोडणीला भोंगा वाजतो, दोन आठवड्यांत कुणीतरी त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधतं. तिथे ठरावीक तापमानाला चालणारा हीट डिटेक्टर लावा. तापमान झपाट्याने वाढलं की चालणारा प्रकार भट्टीजवळ नको, तंदूरचं झाकण उघडलं तरी तो लागू शकतो.

गॅसगळती डिटेक्टरची जागा तर सर्रास चुकते. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. डिटेक्टर जमिनीपासून वीतभर उंचीवर हवा. महानगर गॅसची पाइपलाइन असेल तर तो नैसर्गिक वायू, मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. डिटेक्टर छताजवळ हवा. ठाण्यात आणि नवी मुंबईत गेल्या काही वर्षांत अनेक रेस्टॉरंट सिलिंडरवरून पाइपलाइनवर गेली. डिटेक्टर मात्र जिथे होता तिथेच, खाली राहिला. तुमच्याकडे तसं झालं असेल तर हे वाचून झाल्यावर खाली वाकून बघा.

गोदामांचं गणित वेगळं आहे. सुमारे साडेदहा मीटरपेक्षा उंच छत असेल तर छताला चिकटवलेला साधा स्मोक डिटेक्टर कामाचा राहत नाही, कारण धूर तिथे पोहोचेपर्यंत पातळ होतो. तिथे बीम डिटेक्टर लागतात: एका भिंतीवरून किरण निघतो, समोरच्या भिंतीवर पोहोचतो, मध्ये धूर आला की अलार्म. पत्र्याच्या शेडवर ते बसवताना पक्क्या कॉलमवर बसवा. पत्र्याला लावले तर उन्हाने पत्रा ताणला की किरण हलतो आणि भर दुपारी फॉल्ट येतो. मालाची थप्पी किरणाच्या आड जाणार नाही एवढी उंची भिंतीवर रंगाची रेघ मारून ठरवून द्या.

एपीएमसीच्या मसाला बाजारासारखी जागा असेल तर मिरची-हळदीच्या पुडीने ऑप्टिकल स्मोक डिटेक्टर लवकर गढूळ होतात. तिथे हीट डिटेक्टर किंवा धूर आणि उष्णता दोन्ही ओळखणारा मल्टिसेन्सर आणि सफाईची पाळी जवळजवळ, एवढंच सुचवता येतं. सॉल्व्हंट हाताळणाऱ्या केमिकल युनिटमध्ये फ्लेम डिटेक्टरचा विचार करा, आणि ज्वालाग्राही वाफेच्या जागेत नागपूरच्या पेसोची, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्थेची, मान्यता असलेली फ्लेमप्रूफ उपकरणंच चालतात.

ऐरोली-महापे भागात डेटा सेंटर आहेत, तिथली पद्धत छोट्या ऑफिसच्या सर्व्हर रूमलाही उपयोगी. हवा सतत नळीतून ओढून तपासणारी अ‍ॅस्पिरेशन यंत्रणा केबल तापायला लागल्यावरच इशारा देते. सर्व्हर रूममध्ये गॅस सोडणारी यंत्रणा असेल तर क्रॉस झोनिंग हवंच: पहिला डिटेक्टर लागला तर फक्त भोंगा, वेगळ्या झोनवरचा दुसराही लागला तरच उलटी गिनती आणि मग गॅस. दाराशी थांबवायचं बटण हवं, आणि ते दाबायचं केव्हा हे तिथल्या माणसाला माहीत हवं.

लाल डबी आणि भोंगा

मॅन्युअल कॉल पॉइंट, म्हणजे एमसीपी, जमिनीपासून सुमारे १.४ मीटरवर, प्रत्येक मजल्याच्या जिन्याच्या दाराशी आणि इमारतीतून बाहेर पडायच्या प्रत्येक दाराशी. माणूस ज्या वाटेने पळणार त्याच वाटेवर. रिसेप्शनच्या शोभेच्या भिंतीमागे लपवलेली डबी मी अनेकदा पाहिली आहे, डेकोरेटरला लाल रंग खटकतो.

भोंग्याचा आवाज सगळीकडे किमान ६५ डेसिबल, किंवा तिथल्या नेहमीच्या गोंगाटापेक्षा ५ डेसिबल जास्त, यातलं जे मोठं ते. लॉजमध्ये, जिथे माणसं झोपतात, तिथे उशीपाशी ७५. कागदावर हे कसं मोजायचं ते पाहा. भोंग्यावर '१ मीटरवर १०० डेसिबल' लिहिलेलं असतं. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने उतरतो: २ मीटरवर ९४, ४ वर ८८, ८ वर ८२, १६ मीटरवर ७६. आता मध्ये बंद दार आलं. साधं दारही २० डेसिबलच्या आसपास आवाज गिळतं. उरले ५६. म्हणजे कॉरिडॉरच्या टोकाला लावलेला दणदणीत भोंगा १६ मीटरवरच्या बंद कॉन्फरन्स रूममध्ये पुरेसा ऐकू येत नाही. एक मोठा भोंगा लावण्यापेक्षा केबिनच्या पट्ट्यात तीन छोटे लावा. प्रेसिंग मशिन, जनरेटर, एसी प्लांट अशा कानठळ्या बसणाऱ्या जागी भोंग्यासोबत लुकलुकणारा दिवा हवा.

बोलणारी यंत्रणा परवडत असेल तर जरूर घ्या. नुसत्या भोंग्याला लोक "टेस्टिंग चालू असेल" म्हणून बसून राहतात, बोललेल्या सूचनेला उठतात. संदेश आधी मराठीत, मग हिंदीत आणि इंग्रजीत, आणि छोटा: "आग लागली आहे. जिन्याने खाली उतरा. लिफ्ट वापरू नका."

तारा, पॅनेल, बॅटरी

भोंग्यांच्या आणि पंखे-लिफ्टच्या आज्ञांच्या तारा आगीतही काही काळ तग धरणाऱ्या, म्हणजे फायर सर्व्हायव्हल केबलच्या हव्यात. एफआरएलएस ही वेगळी चीज: ती कमी धूर करते आणि आग पसरवत नाही, पण आगीत चालत राहीलच असं नाही. कोटेशनमध्ये दोन्हींची गल्लत मुद्दाम केलेली सापडते. विजेच्या तारांच्या ट्रेमधून अलार्मची तार नेऊ देऊ नका. मजला ओलांडताना शाफ्टमधलं भोक फायर सीलंटने बुजवलेलं हवं, थर्माकोलने किंवा पीओपीने नाही.

पॅनेल चोवीस तास माणूस बसतो तिथे. ऑफिसच्या कुलूपबंद सर्व्हर रूममध्ये लावलेलं पॅनेल रात्री कुणालाच काही सांगत नाही. गार्डची केबिन बाहेर गेटवर असेल तर तिथे मुख्य पॅनेलवरचं सगळं दाखवणारं रिपीटर पॅनेल द्या, आणि मुख्य पॅनेलशेजारी प्रत्येक मजल्याचा झोन नकाशा फ्रेम करून लावा.

बॅटरीचा हिशेब स्वतः करून बघा, अवघड नाही. सर्रास धरलं जातं ते असं: वीज गेल्यावर २४ तास शांत अवस्था आणि त्यानंतर अर्धा तास पूर्ण अलार्म. समजा पॅनेल शांत असताना ०.६ अँपिअर घेतं आणि अलार्ममध्ये २.५. तर ०.६ गुणिले २४ म्हणजे १४.४, अधिक २.५ गुणिले अर्धा म्हणजे १.२५, एकूण १५.६५ अँपिअर-तास. बॅटरी जुनी होत जाते म्हणून सव्वापट धरा: साधारण १९.६. बाजारात त्यावरचं माप २६चं मिळतं, १२ व्होल्टच्या दोन, मालिकेत, २४ व्होल्टसाठी. तुमच्या पॅनेलमध्ये ७च्या दोन बसवलेल्या दिसल्या तर व्हेंडरला हाच हिशेब समोर ठेवून विचारा. जनरेटर आहे हे उत्तर चालत नाही. आगीत मुख्य वीज तोडली की जनरेटरची लाइनही बऱ्याचदा तोडली जाते.

टेस्टिंग-कमिशनिंग: इथे घाई करू नका

शेवटचं बिल देण्याआधी एक दिवस राखून ठेवा आणि स्वतः हजर राहा. सगळ्यात आधी शिडी लावून डिटेक्टरवरची प्लास्टिकची टोपी काढली आहे का बघा. काम चालू असताना धूळ जाऊ नये म्हणून ती पिवळी-लाल टोपी असते, आणि ती तशीच राहिली तर पॅनेलवर सगळं हिरवं दिसत असतानाही डिटेक्टर आंधळा असतो.

धूर तपासायचा तर टेस्टिंगचा कॅन वापरायला सांगा. उदबत्तीने काम भागवतात, पण तिची काजळी आत बसते आणि पुढे खोटे अलार्म येतात. प्रत्येक डिटेक्टर, प्रत्येक डबी. "सॅम्पल चेक केलंय" हे पहिल्या दिवशी ऐकून घेऊ नका. पॅनेलसमोर दुसरा माणूस उभा करून फोनवर खात्री करा की तुम्ही ज्या खोलीत उभे आहात त्याच खोलीचं नाव पडद्यावर आलं. चौथ्या मजल्यावर धूर सोडला आणि पॅनेलवर दुसरा मजला दिसला, हे नव्या यंत्रणेत अगदी नेहमीचं आहे.

कन्व्हेन्शनल यंत्रणेत एक खास चाचणी करा: ओळीतला शेवटचा डिटेक्टर फिरवून काढा. पॅनेलवर त्या झोनचा फॉल्ट यायला हवा. आला नाही, तर तार शाबूत आहे हे पॅनेलला कळावं म्हणून ओळीच्या शेवटी लावायचा रेझिस्टर इलेक्ट्रिशियनने पॅनेलच्या आतच लावला आहे. तसं केलं की उद्या बाहेरची अख्खी तार उंदराने कुरतडली तरी पॅनेल 'सर्व ठीक' म्हणत राहतं. लूप असेल तर एका जागी तार सोडवा: फॉल्ट दिसला पाहिजे आणि एकही डिटेक्टर गायब होता कामा नये.

मग मुख्य वीज बंद करून बॅटरीवर सगळे भोंगे अर्धा तास वाजवा, आणि शेवटी तो तक्ता हातात घेऊन एकेक फुली तपासा. लिफ्ट खरंच खाली आली का, काचेचं दार ढकलून उघडलं का, एएचयू थांबला का. मोबाइलवरचं डेसिबल ॲप अचूक नसतं, तरी बंद कॉन्फरन्स रूममध्ये ते चाळीस-पन्नास दाखवत असेल तर वाद घालायला तेवढं पुरे.

पुढची वर्षं

खाडीकाठच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात ही यंत्रणा वर्षातून एकदा नक्की कुरकुरते. जून-जुलैत 'अर्थ फॉल्ट', म्हणजे तारेतली वीज जमिनीकडे गळत असल्याचा इशारा, यायला लागला की बहुधा गच्चीतून, तळघरातून किंवा पोडियमवरून गेलेल्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरलेलं असतं. पॅनेलमध्ये शोधण्याआधी ते डबे उघडा. मे महिन्यात त्यांची ग्लँड, म्हणजे तार आत शिरते तिथली बुचं, आणि झाकणं नीट बसवून घेतली तर निम्मी कटकट टळते. पाऊस लागला की डिटेक्टरच्या आत बारीक किडे शिरतात आणि पहाटे अलार्म वाजतो. तिथे जाळीचा डिटेक्टर घ्या किंवा सफाई वाढवा, पण झोन डिसेबल करू नका. करावाच लागला तर रजिस्टरमध्ये वेळ, नाव आणि परत चालू करायची तारीख लिहा, आणि तोवर त्या मजल्यावर गार्डची फेरी ठेवा. छतावर वेल्डिंग किंवा रंगकाम असेल तेव्हाही हेच.

भाडेकरू बदलला की यंत्रणा बिघडली असं गृहीत धरा. नवा इंटिरियरवाला फॉल्स सीलिंग उघडतो, डिटेक्टर लोंबकळत सोडतो किंवा स्वतःचं वेगळं छोटं पॅनेल लावतो, जे मुख्य पॅनेलला जोडलेलंच नसतं. सोसायटीच्या फिट-आउट, म्हणजे आतल्या सजावटीच्या कामाच्या, परवानगीत अट घाला की आतले सगळे डिटेक्टर मुख्य लूपवर येतील, काम इमारतीच्याच एजन्सीकडून तपासून घेतलं जाईल आणि तोवर अनामत परत मिळणार नाही. अनामत अडकली की काम वेळेत होतं.

आठवड्याला एक डबी वाजवून बघायची, दर आठवड्याला वेगळी. हे काम गार्डसुद्धा करू शकतो. महिन्यातून एकदा पॅनेलचा इव्हेंट लॉग काढून बघा: कोणत्या तारखेला कोणत्या वेळी कुणी 'सायलेन्स' दाबलं, किती फॉल्ट किती दिवस उभे होते, सगळं त्यात असतं. वर्षातून दोनदा इमारत रिकामी करायचा सराव, त्यातला एक न सांगता.

फॉर्म बीसाठी एजन्सीचा माणूस आला की सही घेण्याआधी त्याच्याकडून त्या दिवशी प्रत्यक्ष धूर सोडून तपासलेल्या डिटेक्टरचे क्रमांक लिहून घ्या. जानेवारीत निम्मे, जुलैत उरलेले. क्रमांक द्यायला तो टाळाटाळ करत असेल तर इव्हेंट लॉग उघडा. त्या दिवशीच्या नोंदींत किती अलार्म उमटलेत ते तिथेच मोजता येतं.